अंधेरी, मालाड, बोरिवली : आकाशवाणी, राग आणि चित्रपटगीत

१/ ऑक्टोबर १९५२. विजय भट्ट दिग्दर्शित 'बैजू बावरा' प्रदर्शित झाला. निर्मिती 'प्रकाश पिक्चर्स' या संस्थेची, जिचा स्टुडिओ अंधेरीत होता. संगीत नौशाद यांचे. कथेतील तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्कर. देसी रागातील त्यांची जुगलबंदी चित्रपटगृहांत सर्वसामान्य प्रेक्षकांनी मन लावून ऐकली. नेमक्या त्याच दिवसांत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते नाहीशी होत चालली होती. आणि ती दूर सारण्यामागचा हेतू होता, लोकांनी अभिजात संगीत ऐकावे हा!

२/ हा विरोधाभास कसा निर्माण झाला आणि पुढे त्याचे काय झाले, याविषयी आजचा हा थ्रेड. कथा दिल्ली आणि कोलंबोपर्यंत जाते. परंतु तिचे तीन महत्त्वाचे थांबे पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. चित्रपट घडला ती अंधेरी, नभोवाणीचे प्रक्षेपक जिथे उभे राहिले ते मालाड, आणि राग व चित्रपटगीत यांचा समेट जिथून रोज सकाळी ऐकू येऊ लागला ती बोरिवली.

३/ आरंभापासून पाहू. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ही खाजगी कंपनी होती. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉट शक्तीचा, परवाना घेऊन रेडिओ बाळगणारे श्रोते मोजके. खर्चाचा मेळ बसेना. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि एप्रिलपासून सरकारने हा कारभार हाती घेतला. ८ जून १९३६ पासून त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. 'आकाशवाणी' हे नाव सर्वत्र रूढ झाले ते स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात.

४/ स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. याच सुमारास संगीताच्या जगात एक मोठी उलथापालथ होत होती. कोल्हापूर, सांगली, मिरज, बडोदा, इंदूर ही गवयांना आश्रय देणारी संस्थाने १९४८-४९ या काळात विलीन झाली. उस्ताद अल्लादिया खाँ यांना कोल्हापूर दरबाराचा आणि उस्ताद फैयाज खाँ यांना बडोदा दरबाराचा आधार लाभला होता. असे आश्रयदाते आता राहिले नव्हते. गवयांनी जायचे कुठे? तिकीट लावून होणाऱ्या मैफली, शिकवण्या आणि संगीत परिषदा होत्या. पण नियमित बिदागी देऊ शकेल अशी देशव्यापी संस्था एकच होती. ती म्हणजे रेडिओ.

५/ आश्रयदाता बदलला की कलेवरचा हक्कही बदलतो. सरकारी रेडिओने आश्रय दिला, त्याबरोबर शुद्धाशुद्धतेचा विवेकही स्वतःकडे घेतला. याची सुरुवात इंग्रजी अमदानीतच झाली होती. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. आक्षेप असा की या विदेशी वाद्याचे स्वर ठरावीक पट्ट्यांत बांधलेले. त्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत. आक्षेप घेणाऱ्यांत रेडिओतील युरोपीय संगीताचे अधिकारी जॉन फाउल्ड्स होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांचेही मत या वाद्याविरुद्ध होते.

६/ महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बंदी विलक्षण होती. आपली संगीत रंगभूमी 'पेटी'वर वाढली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले. ख्यालाच्या बैठकीत, भजनात, कीर्तनात पेटी सर्वत्र होती. नव्हती ती फक्त रेडिओवर. बंदी अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ रेडिओवरची मैफल आणि रेडिओबाहेरची मैफल या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

७/ शुद्धीकरण वाद्यापुरते थांबले नाही. वल्लभभाई पटेल यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओची दारे बंद करण्यात आली. रोख होता तो कलावंतिणींच्या परंपरेतील स्त्रियांवर. ठुमरी, दादरा, गझल या गायनप्रकारांचा मोठा वारसा ज्यांनी जपला, आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर आणि रेडिओवर ज्यांचे आवाज सर्वाधिक ऐकू येत, त्यांनाच 'सभ्य' संगीताच्या नावाखाली बाजूला सारले गेले.

८/ या पार्श्वभूमीवर १९५२ साली खाते आले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे. जन्म १९०३ चा, पुण्याचा. शिक्षण काशी विद्यापीठ आणि पॅरिस येथे. स्वतः धृपदाचे शिक्षण घेतलेले. १९६२ पर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षे, ते मंत्री राहिले. इतका दीर्घ काळ हे खाते सांभाळणारे मंत्री विरळाच. त्यांची धारणा स्पष्ट होती. परकीय सत्तेच्या काळात भारतीय संगीताची उपेक्षा झाली, चित्रपटसंगीताने पाश्चात्त्य चालींची उसनवारी करून अभिरुची बिघडवली, आणि ती सुधारणे हे स्वतंत्र राष्ट्राच्या रेडिओचे कर्तव्य आहे.

९/ केसकरांची आज बहुधा थट्टाच होते. ती एकांगी आहे. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री देशातील सर्व केंद्रांवरून एकाच कलाकाराचे सलग गायन वा वादन प्रसारित होई. उत्तरेकडच्या श्रोत्याला कर्नाटक संगीत आणि दक्षिणेकडच्या श्रोत्याला ख्याल घरबसल्या ऐकण्याची ही पहिली नियमित सोय. त्याच वर्षी दिल्लीत रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. दरबारात मूठभर मानकऱ्यांपुरते असलेले संगीत आता रेडिओ असलेल्या कोणत्याही घरात पोहोचू शकत होते.

१०/ परंतु या दानाला अटी होत्या. कलाकारांची श्रेणी ठरवण्यासाठी ध्वनिचाचणीची पद्धत कडक करण्यात आली. परीक्षक मंडळाची धुरा पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. ते मुंबईचे, भातखंडे यांचे शिष्य. भातखंडे यांनी रागांचे शास्त्र ग्रंथबद्ध केले, दहा थाटांत रागांची मांडणी केली. त्या पद्धतीत तयार झालेल्या विद्वानांपुढे घराण्यांत वाढलेल्या गवयांनी परीक्षार्थी म्हणून बसायचे होते. ज्यांची हयात गाण्यात गेली त्यांना ही मानहानी वाटली. अनेक ठिकाणी विरोध झाला. प्रश्न संगीताच्या दर्जाचा होता, तसाच तो दर्जा ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाही होता.

११/ आता चित्रपटगीतांकडे येऊ. १९५२ मध्ये दोन निर्णय एकमेकांना जोडून आले. एक, चित्रपटगीतांचा वेळ बराच कमी करून ती निवडून, पारखून लावायची. दोन, गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही. कारण सरकारी माध्यमावर चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात. गायकाचे नाव तेवढे सांगावे. निर्मात्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी गीते वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. परिणामी, जी गीते कमी करायची होती ती काही महिन्यांत जवळपास नाहीशी झाली.

१२/ 'बैजू बावरा'ची वेळ पुन्हा आठवा. अमीर खाँ यांनी गावे, पलुस्करांनी गावे, आणि ते चित्रपटासाठी म्हणून रेडिओने दूर ठेवावे! पलुस्कर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे सुपुत्र. ज्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत मध्यमवर्गीय घरांत नेले, त्यांचा मुलगा अंधेरीच्या चित्रपटसंस्थेच्या द्वारे तेच काम अधिक मोठ्या समूहासाठी करत होता. धोरणाने 'अभिजात' आणि 'चित्रपट' असे दोन कप्पे केले होते. प्रत्यक्षात गायक, वादक, राग आणि बंदिशी या कप्प्यांमधून सहज ये-जा करत होते. अंधेरी-दादरच्या स्टुडिओंत वाजवणारे कितीतरी सतारिये, सारंगिये आणि तबलजी घराण्यांत तयार झालेले होते.

१३/ श्रोत्यांनी काय केले? वाद घातला नाही, मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओची कळ फिरवली. दक्षिणेला सुमारे १,५०० किलोमीटरवर कोलंबो होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनकडे आला होता. लघुलहरी आयनांबरावर आदळून परत जमिनीकडे वळतात आणि शेकडो कोस दूर उतरतात. त्यांना सीमाशुल्क नाक्यावर अडवता येत नाही. सिलोनची व्यापारी सेवा हिंदी चित्रपटगीते लावत होती, आणि चित्रपटाचे नाव सांगायला तिची काही हरकत नव्हती.

१४/ ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. गंमत अशी की कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून लहरींवर स्वार होऊन पुन्हा मुंबईत येत. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आल्याचे सयानी सांगत असत. गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, जाहिरातदार आणि श्रोते भारतातले. रेडिओ मात्र सिलोनचा. दिल्लीत आखलेल्या अभिरुचीच्या धोरणाचा सर्वांत मोठा लाभ शेजारच्या देशाला झाला.

१५/ सरकारने पर्याय दिला नाही असे नाही. चित्रपटगीतांच्या जागी दर्जेदार सुगम संगीत द्यावे, कवी आणि संगीतकार यांच्याकडून नवी गीते करून घ्यावीत, अशी योजना होती. या धोरणाच्या काळातले सर्वांत लखलखीत यश मराठीत मिळाले, हे आपल्या लक्षात राहत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. योजक सीताकांत लाड, कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. वर्षभरात ५६ गीते. प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, ही आठवण आजही अनेक घरांत सांगितली जाते.

१६/ आता या यशाकडे बारकाईने पाहा. माडगूळकर आणि फडके दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले. आठवड्याला एक गीत, प्रसंगाला नेमकी बसणारी चाल, ऐकताक्षणी ओठांवर येणारे ध्रुपद : ही सारी तालीम त्यांना चित्रपटाने दिली होती. चालींना आधार होता रागांचा. म्हणजे चित्रपटाला पर्याय म्हणून आखलेल्या योजनेला सर्वोत्तम फळ लाभले ते चित्रपटातल्याच माणसांकडून. सामान्य श्रोत्याला भूप किंवा भैरवी यांचे वावडे कधीच नव्हते. त्याला हवी होती त्या रागात शिरण्याची वाट.

१७/ अखेर सरकारने माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा हे तिचे शिल्पकार. पहिले गीत त्यांचेच, संगीत अनिल विश्वास यांचे, स्वर मन्ना डे यांचा. मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती देशभर ऐकू येऊ लागली. म्हणजे सिलोनला उत्तर सिलोनच्याच तंत्राने दिले गेले. मंत्री तेव्हाही केसकरच होते. पुढे चंदा समितीने व्यापारी प्रसारणाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. ज्या दोन गोष्टींसाठी श्रोता कोलंबोकडे गेला होता, चित्रपटगीते आणि मोकळेढाकळे निवेदन, त्या आता घरच्याच रेडिओवर होत्या.

१८/ दुसरा थांबा मालाड. पश्चिमेला मार्वे रस्त्यालगत आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र आहे. मध्यमलहरींच्या मनोऱ्याला ऐसपैस जागा लागते आणि जमीन ओलसर, क्षारयुक्त असेल तर लहरी अधिक दूर जातात. खाडीकाठचे मालाड त्यासाठी सोयीचे. मुंबईची विविध भारती दीर्घकाळ मध्यमलहरींवर, ११८८ किलोहर्ट्झवर ऐकू येई. आज ती १०२.८ मेगाहर्ट्झ एफएमवर आहे. मार्व्याच्या बसमधून दिसणारे ते मनोरे आपल्यापैकी कित्येकांनी मोबाइलचे समजून दुर्लक्षिले असतील.

१९/ तिसरा थांबा बोरिवली पश्चिम, गोराई रोड. विविध भारतीचे कार्यालय इथे आहे. 'पत्रावली' कार्यक्रमासाठी देशभरातून येणाऱ्या पत्रांमुळे, ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही अशा श्रोत्यांनाही बोरिवली हे नाव पाठ झाले. आणि याच विविध भारतीवर, सकाळी साडेसातच्या सुमारास, वर्षानुवर्षे लागत आला आहे 'संगीत सरिता'. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. एखादा राग घ्यायचा, त्याचे आरोह-अवरोह, वादी-संवादी समजावायचे, गायनातून वा वादनातून त्याचे रूप दाखवायचे, आणि त्याच रागावर आधारित चित्रपटगीत ऐकवायचे.

२०/ या साध्या रचनेत मागच्या साऱ्या भांडणाचा निवाडा आहे, असे मला वाटते. १९५२ च्या धोरणाने राग हवा म्हणून चित्रपटगीत काढून टाकले. 'संगीत सरिता'ने चित्रपटगीताचेच बोट धरून श्रोत्याला रागाकडे नेले. जे गाणे तुम्ही शंभरदा ऐकले आहे, त्याच्या आत हा राग आहे, एवढेच ती सांगत होती. पोळ्या लाटताना, दाढी करताना, लोकल पकडायच्या घाईत ज्यांच्या कानांवर हे पंधरा मिनिटांचे बोलणे पडले, त्यांनी कधी तिकीट काढून मैफल ऐकली नसेल. पण यमन कोणता हे त्यांना ओळखू येऊ लागले.

२१/ आजची स्थिती काय? २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास अभिजात संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू आहे. ती उपग्रहावरून, इंटरनेटवर आणि ॲपवर ऐकता येते. केसकरांना स्वप्नवत वाटावी अशी ही गोष्ट. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा, दिवसाचे चोवीस तास. त्याआधी 'वर्ल्डस्पेस' या उपग्रह रेडिओने 'गांधर्व' ही स्वतंत्र हिंदुस्तानी वाहिनी दिली होती. २००९ च्या अखेरीस ती सेवा भारतात बंद पडली आणि पैसे भरून रेडिओ संच घेतलेले श्रोते एका रात्रीत वाऱ्यावर पडले. खाजगी आश्रयदात्याचा भरवसा किती, हे त्यातून कळले. म्हणून सार्वजनिक सेवेने 'रागम' चालवणे महत्त्वाचे आहे.

२२/ तरीही एक शंका राहते. 'रागम' ऐकायला आधी ती शोधावी लागते. जो शोधतो त्याला राग आवडतोच. पंधरा मिनिटांच्या 'संगीत सरिता'ला अशा शोधणाऱ्याची गरज नव्हती. गाण्यांच्या ओघात ती आपसूक कानी येई. अभिजात संगीताला स्वतंत्र, शुद्ध, चोवीस तासांची जागा देताना आपण नकळत पुन्हा तेच दोन कप्पे तर करत नाही ना? पूर्वी बंदीने श्रोता दुरावला. आता निवडीच्या स्वातंत्र्याने तो राग आणि गाणे यांना वेगवेगळ्या ॲपमध्ये ठेवतो. साधन वेगळे, परिणाम मात्र सारखाच होऊ शकतो.

२३/ म्हणून केसकरांविषयीचे माझे मत दुहेरी आहे. दरबार बुडाल्यावर गवयांच्या पाठीशी राज्यसंस्था उभी राहिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ती जाण आजच्या राज्यकर्त्यांत दुर्मीळ आहे. परंतु श्रोता म्हणजे सुधारायचा विद्यार्थी, हे त्यांचे गृहीतक चुकले. त्याच्या आवडीत आधीपासूनच राग होता. अंधेरीत तयार झालेल्या त्या चित्रपटाने ते १९५२ मध्येच दाखवून दिले होते. रेडिओने ते मान्य केले आणि मग बोरिवलीहून रोज सकाळी सांगितले.

२४/ शेवटी एक विनंती. सरकारी आदेश, समित्यांचे अहवाल, कार्यक्रमपत्रिका अभिलेखागारात मिळतात. श्रोत्याने कधी कळ फिरवली, कोणत्या स्वयंपाकघरात कोणता राग प्रथम ओळखला गेला, याची नोंद कुठेच नसते. ती आजी-आजोबांच्या स्मरणात आहे. त्यांना विचारा : घरात पहिला रेडिओ कधी आला, बुधवारी रात्री सिलोन लागत असे का, 'गीतरामायण' कोणासोबत ऐकले. उत्तरे तारखेसह लिहून ठेवा आणि जमल्यास या थ्रेडखाली द्या. नभोवाणीच्या इतिहासाचा हा अर्धा भाग अजून लिहायचा आहे.